हुरडा आधी की माशी आधी

त्या वर्षी माझी नोकरी एका माशीवर अवलंबून होती, असं माझं मत होतं. प्राचार्यांचं मत ती हुरड्यावर अवलंबून आहे असं होतं. आमच्यात मतभेद एवढाच. बाकी नोकरी जाण्याच्या बेतात आहे, याबद्दल दोघांचं पूर्ण एकमत होतं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. परभणी जिल्ह्यात त्या काळी महाविद्यालयं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवत होती. आमच्या तालुक्याच्या गावातही एक उगवलं होतं. त्याला जागा मिळाली होती जुन्या जिनिंगच्या गोदामात. भिंतींच्या फटीत अजून सरकीचा वास होता आणि दारावर नवी पाटी होती. पाटीवर 'कला, वाणिज्य व विज्ञान' असं लिहिलेलं होतं. वाणिज्य अजून यायचं होतं. विज्ञान म्हणजे आम्ही तिघं-चौघं तात्पुरते अध्यापक आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले, आमच्यापेक्षा जास्त कायम असलेले काही बेडूक.

प्राणिशास्त्राच्या पदवीच्या वर्गाला एका वर्षाची परवानगी मिळाली होती. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला एक समिती येणार होती. परवानगी गेली की वर्ग गेला, वर्ग गेला की माझी जागा गेली. पिंगळीजवळच्या माझ्या गावात तोवर मी 'प्रोफेसर' झालो होतो. वडिलांनी, जे आयुष्यभर प्राथमिक शाळेत पोरांच्या पाट्या तपासत होते, मला पत्र लिहिताना पत्त्यावर 'प्रा.' घालायला सुरुवात केली होती. गाव एकदा असा शब्द देतं तेव्हा तो परत घेण्याची सोय ठेवत नाही. नोकरी गेली असती तर मी पारावर बसलेला बेकार प्रोफेसर झालो असतो, आणि तसा एक गावात आधीच होता.

तपासणीच्या आठवडाभर आधी प्राचार्यांनी मला बोलावलं. प्राचार्य मोठे भारदस्त गृहस्थ होते. शाल नसली तरी ती आहे अशा पद्धतीने ते खांदे सावरत.

"सर, समितीसमोर आपल्या विभागातर्फे काय सादर होणार आहे?"

"माशी."

"माशी." हा शब्द त्यांनी स्वतःच्या जिभेवर बसल्यासारखा उच्चारला. "अहो, समितीला या वास्तूत माशी दिसू नये म्हणून मी फिनेल आणि गॅमेक्झिनवर संस्थेचा पैसा ओततोय. आणि तुम्ही ती काचेत घालून दाखवणार?"

मी त्यांना समजावून सांगितलं. भुकेली माशी चालत निघाली की साधारण सरळ चालते. तिला चव पायांनी कळते. पाय साखरेच्या पाण्याच्या थेंबावर पडला की पायावरच्या केसांतून मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि तिची सोंड खाली येते. थेंब अगदी इवलासा ठेवायचा. तो संपला की माशी पुढे जात नाही. तिथल्या तिथे वळते, फिरते, बारीक बारीक गिरक्या घेते. जिथे एकदा मिळालं तिथेच आणखी असेल, असा तिच्या मज्जासंस्थेचा हिशेब असतो. बऱ्याच वेळाने गिरक्या मोठ्या होत जातात आणि मग ती पुन्हा आपली सरळ निघून जाते. साखर जितकी गोड, तितका गिरक्यांचा मुक्काम जास्त. एक कागद, एक थेंब आणि एक माशी, एवढ्यात सगळं दिसतं. आमच्या प्रयोगशाळेला परवडणारं जगातलं हे एकमेव विज्ञान होतं.

"आणि याचा उपयोग?" प्राचार्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "निदान जेवण तपासणीनंतर ठेवावं, एवढा तरी उपयोग आहे. माशीच्या अन्ननलिकेत अन्न उतरलं की तिथली एक बारीक नस मेंदूला कळवते, पुरे. मग माशी शोधायचं थांबवते. ती नस कापली तर माशी थांबतच नाही, खात सुटते, फुगते आणि शेवटी फुटते. समितीला तुम्ही आधी मालकांच्या शेतात हुरडा खायला नेणार. भरल्या पोटी ते काही बघणार नाहीत."

मालक म्हणजे संस्थेचे सर्वेसर्वा. जमीन त्यांची, गोदाम त्यांचं, आणि शिक्षणाची तळमळही त्यांचीच.

प्राचार्य माझ्याकडे करुणेने बघत राहिले. "सर, तुम्ही हुशार आहात, पण नवीन आहात. समितीनं काही बघू नये, यासाठीच तर जेवण असतं."

बघू नये असं बरंच होतं. नियमाप्रमाणे जितके सूक्ष्मदर्शक हवे होते त्याच्या निम्मेही आमच्याकडे नव्हते. पण जिल्ह्यातल्या संस्थांमध्ये याबाबत शेजारधर्म उत्तम होता. तपासणी जिथे असेल तिथे सूक्ष्मदर्शक जात, जसे लग्न जिथे असेल तिथे गावातली मोठी पातेली जातात. आमच्याकडचे उसने सूक्ष्मदर्शक एसटीने आले होते, गोधडीत गुंडाळून, प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांच्या मांडीवर बसून. मामांनी त्यांचं तिकीट काढलं नव्हतं, एवढंच. फक्त बुडाशी पांढऱ्या रंगात शेजारच्या कॉलेजचं नाव होतं. मामांनी त्यावर कणकेच्या खळीने आमच्या नावाचे कागद चिकटवले.

एक बारीक अडचण होती. हीच समिती दोन दिवसांपूर्वी त्या कॉलेजात हेच सूक्ष्मदर्शक बघून आली होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी गेलो तर मामा टेबलासमोर डोक्याला हात लावून बसलेले. "सर, आपला मुआयना झाला की," ते म्हणाले. निजामी राजवट जाऊन पाव शतक लोटलं तरी मामांच्या तोंडी तपासणीला मुआयनाच होता.

रात्री झुरळं येऊन गेली होती. कणकेची खळ त्यांनी मनापासून खाल्ली होती, तिच्याबरोबर कागदही. काही बुडांवर आमचं अर्धं नाव होतं आणि त्याखालून शेजाऱ्यांचं अर्धं. प्राचार्यांनी सगळे सूक्ष्मदर्शक मागच्या लाकडी कपाटात घालून कुलूप लावायला सांगितलं. "विचारलं तर म्हणा, धूळ बसू नये म्हणून." मामांनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मग ते माझ्या टेबलाकडे वळले. तिथे कंदिलाच्या काचांमध्ये, वर मलमल बांधून, माझ्या माश्या होत्या. पंखांची टोकं छाटलेल्या, आदल्या दिवसापासून निव्वळ पाण्यावर.

"ह्यांना उपाशी ठेवायलाय व्हय सर अजून?"

"हो मामा."

"लय पाप हाय."

"मामा, तुम्हीच परवा चपलेनं किती मारल्या?"

"मारणं येगळं. उपाशी ठेवणं येगळं."

इमारतीतल्या बाकी सगळ्या माश्या तोवर गॅमेक्झिनने गेल्या होत्या. जिवंत उरल्या त्या फक्त विज्ञानासाठी राखून ठेवलेल्या.

समितीत तिघे होते. प्रमुख आडव्या अंगाचे, डोळे अर्धे मिटलेले. दुसरे गोल आणि हसतमुख. तिसरे काटकुळे, बारीक फ्रेमचा चष्मा, हातात टोकदार पेन्सिल. त्यांना जीपमधून उतरवून, हार घालून, हार काढून, पुन्हा जीपमध्ये घालून थेट मालकांच्या शेतात नेण्यात आलं. कॉलेज आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक पांदण होती, पण पाहुणा चालत गेला तर तो पाहुणा कसला.

गोवऱ्यांची आगटी पेटलेली होती. गडी कणसं भाजून तळहातावर चोळत होते, हिरवा वाफाळता हुरडा ताटात पडत होता. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, भरीत. आणि आग्रह. आमच्याकडे आग्रह हा पदार्थ वेगळा मोजावा लागतो. "घ्या की साहेब, एवढी एक मूठ." "हे काय, चिमणीचं खाणं झालं!" "आमच्या मातीला नाव ठेवता का?" असं म्हटल्यावर कोणता शिक्षणतज्ज्ञ हात आखडेल?

प्रमुखांच्या बाबतीत माझं शास्त्र अचूक निघालं. पाचव्या-सहाव्या मुठीला त्यांच्या त्या बारीक नसेने मेंदूला कळवलं असावं. ते बाजेवर मागे रेलले, टोपी डोळ्यांवर आली आणि उच्च शिक्षणाचा प्रश्न काही काळापुरता मिटला. दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र ती नस लहानपणीच कोणीतरी कापली असावी. ते थांबतच नव्हते. एका ताटावरून दुसऱ्या ताटाकडे, तिथून आगटीकडे, आगटीवरून पुन्हा पहिल्या ताटाकडे. मी जरा लांब उभा राहिलो.

तिसऱ्यांचं ताट कोरंच होतं.

"आपण काहीच घेत नाही?" प्राचार्य हात जोडून म्हणाले.

"आज संकष्टी आहे ना."

प्राचार्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. तपासणीसाठी हा दिवस समितीला त्यांनीच सुचवला होता, गणपतीचा दिवस म्हणून, कार्य निर्विघ्न पार पडावं म्हणून. स्वतःचा उपास त्यांनी पाहुण्यांखातर सोडला होता आणि तोंडात हुरडा होता. चतुर्थीचा उपास पाहुण्यालाही असू शकतो, ही गोष्ट त्यांच्या नियोजनातून सुटली होती.

मालकांनी ताबडतोब गडी गावात पिटाळला, साबुदाणा आणायला. साबुदाणा आला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तो भिजवावा लागतो.

"राहू द्या हो," तिसरे उठत म्हणाले. "चंद्र उगवेपर्यंत चालतं मला. तेवढ्यात मी प्रयोगशाळा बघून घेतो."

प्राचार्यांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख घोरत होते. दुसऱ्यांकडे पाहिलं, दुसरे गूळ शोधत होते. शेवटी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत 'कपाट' एवढा एकच शब्द होता.

पांदणीतून आम्ही दोघं चालत आलो. सकाळपासून हा माणूस चहावर होता. शोधायला निघालेल्या उपाशी प्राण्याबद्दल मी वाचलं पुष्कळ होतं, पण असा जवळून प्रथमच पाहत होतो. आत शिरताच ते सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेले. तिथून सरळ डाव्या भिंतीला. बरण्या उचलून फॉर्मॅलिन किती आहे ते पाहिलं. नळ फिरवला. नळ कोरडा. "पाणी?" "नळ मंजूर झालाय साहेब, पाणी व्हायचंय." त्यांनी पेन्सिलने कानामागे खाजवलं आणि ते सरळ मागच्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले.

"यात काय?"

"उपकरणं," मी म्हणालो. "धूळ बसू नये म्हणून."

"उघडा."

मी मामांकडे पाहिलं. मामा सरळ माणूस. साहेबाने उघडा म्हटलं की त्यांचा हात खिशात. त्यांनी बंडीच्या खिशातून मूठ बाहेर काढून टेबलावर सोडली. तिच्यात किल्ली होती, बिडीचं थोटूक होतं, आणि किल्लीला चिकटलेला गुळाचा खडा नि दोन-चार भाजके शेंगदाणे.

तिसऱ्यांची नजर किल्लीवरून घसरली.

"हे काय आहे?"

"शेंगदाने अन् गूळ साहेब. उपासाला चालतंय."

मला यातलं काही कळत नव्हतं. आमच्या घरातून छप्पन साली देव गेले, त्यांच्याबरोबर उपासही गेले. माशीला काय चालतं ते मला पाठ होतं, संकष्टीला काय चालतं ते नाही. पण चालत असावं. साहेबांनी गुळाचा खडा झटकला, शेंगदाण्यांबरोबर तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

"आणखी आहे?"

"न्हाई साहेब. सपलं."

साहेब कपाटाकडे वळले. एक पाऊल गेले असतील. थांबले. पुन्हा टेबलापाशी आले. बोट टेबलाच्या कडेवरून फिरलं, जिथे गूळ पडला होता तिथे. किल्ली उचलली, तिच्याखाली पाहिलं, ठेवली. टेबलाला एक फेरी घातली. एक बरणी उगीच सरकवून तिच्यामागे बघितलं. मग दुसरी फेरी, आणखी जवळून. मी श्वास रोखून पाहत होतो. वर्षभर मी हे कागदावर पाहत आलो होतो. फक्त प्राणी सहा पायांचा असे आणि त्याला चष्मा नसे.

"साहेब," मी म्हणालो, "इथे आलाच आहात तर माशी बघता?"

"माशी?"

मी पांढरा कागद पसरला, सुईच्या टोकाने साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि काच उलटी केली. माशी निघाली, सरळ. थेंबावर पाय पडला, सोंड खाली आली, थेंब संपला. आणि मग ती वळली. डावीकडे, पुन्हा डावीकडे, स्वतःच्याच वाटेला ओलांडून, ओल्या जागेभोवती गिरक्या घेत. तिच्या मागोमाग साहेबांची पेन्सिल कागदावर फिरू लागली आणि बघता बघता कागदावर सुताचा गुंता झाला.

"अरे! हिला आठवतंय का काय?"

"आठवण म्हणता येईल की नाही, सांगता येत नाही साहेब. चवीनं मज्जासंस्थेत जी खळबळ उठते ती विझेपर्यंत ती वळत राहते."

"पुन्हा दाखवा. थेंब फिक्का घ्या."

फिक्का घेतला. गिरक्या लवकर सुटल्या. गोड घेतला. माशी हटेना. साहेबांनी स्टूल ओढलं. उपास, कपाट, समिती सगळं विसरून तो माणूस कागदावर वाकला होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की याला कधीकाळी प्राणिशास्त्र आवडत असावं.

मामा मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "दुष्काळात आमी बी असंच फिरलो साहेब."

आम्ही दोघांनी मान वर केली.

"बहात्तरला. खडी फोडायच्या कामावर. एका झाडाखाली सुकडी वाटायचे. मंग वाटप बंद झालं, शेड बी मोडलं. तरी बाया रोज जाऊन त्या झाडाभवती हिंडून यायच्या. काई नाई तिथं, म्हाईत हाय. तरी. माझी मायबी." त्यांनी बंडीचा खिसा चाचपला. "तवापसून माझा खिसा मोकळा ऱ्हात न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कागदावरची माशी अजून फिरत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हिला देऊन टाका आता पोटभर." मी मोठा थेंब ठेवला. मामांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. ऊन उतरलं होतं. साहेब उठले, खिडकीपाशी गेले. जीपमध्ये प्रमुख मागच्या सीटवर तसेच रेलले होते आणि दुसऱ्यांच्या मांडीवर कणसांनी भरलेली पिशवी होती.

"पोट भरल्यावर माशी काय करते, ते राहिलं की बघायचं," ते म्हणाले, आणि बाहेर बघत पुढे म्हणाले, "राहू द्या. ते आम्ही रोज बघतो."

किल्ली टेबलावरच होती. ते तिच्या शेजारून गेले.

जीपपाशी प्राचार्य घामाघूम उभे. प्रमुखांनी एक डोळा उघडला. "काय, झालं का? उपकरणं वगैरे पाहिली?"

मी, प्राचार्य आणि मामा, तिघेही एकाच वेळी जमिनीकडे बघू लागलो. साहेब पायरीवर एक पाय ठेवून थांबले. खोटं बोलणारा माणूस तो नव्हता, हे मला तेवढ्या वेळात कळलं होतं, आणि तेच भीतीदायक होतं.

"नाही," ते म्हणाले. "एका टेबलापाशीच सगळा वेळ गेला. प्रयोग चांगला आहे. कपाट राहिलं."

"मग?" प्रमुखांनी दुसरा डोळा उघडला आणि आमच्या इमारतीकडे पाहिलं. पायऱ्या होत्या, मग पटांगण होतं, मग पुन्हा पायऱ्या होत्या. "आता उतरायचं म्हणता?"

दुसऱ्यांनी कणसाचे दाणे तोंडात टाकले. कोणी हललं नाही. प्रमुखांच्या पोटातला मालकांचा हुरडा त्या क्षणी माझ्या बाजूने शांतपणे बसून होता, आणि प्राचार्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी नजर टाळली नाही. पोट भरलेला प्राणी शोधत नाही, हे त्यांना मीच तर शिकवलं होतं.

"प्रयोग चांगला आहे म्हणता ना?" प्रमुख म्हणाले. "मग चालू द्या वर्षभर. कपाट पुढच्या वर्षी बघू." आणि दोन्ही डोळे मिटले.

जीप गेली. मामांनी सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळले आणि शेवटची एसटी धरली. उद्या समिती जिथे जाणार होती तिथे ते समितीच्या आधी पोचायला हवे होते.

मला वर्ष मिळालं. वडिलांना कळवलं, त्यांनी 'प्रा.' आणखी ठळक केलं. त्या वर्षभरात संस्थेने एकही सूक्ष्मदर्शक विकत घेतला नाही. मालकांनी मात्र पुढच्या रब्बीला बांधालगतचं एक वावर समितीसाठी म्हणून वेगळं राखलं आणि त्यात खास हुरड्याची गूळभेंडी ज्वारी पेरली. प्राचार्य मला मुद्दाम ती दाखवायला घेऊन गेले. पीक गुडघ्याएवढं होतं, चांगलं जोमात होतं. "कशी वाटते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उत्तम आहे, फक्त पंचांग बघून ठेवा. आणि वर्गावर जायची वेळ झाली होती म्हणून परत निघालो.